गोदावरीवर गळ टाकणे कोणत्या महिन्यांत बंद ठेवावे आणि पाण्याची प्रकृती कशी ओळखावी?

गोदातीर, गंगाखेड (जि. परभणी) — विचारणा

नमस्कार. गंगाखेड आणि सोनपेठ तालुक्यांतील आम्ही काही जण सुटीच्या दिवशी गोदावरीवर गळ टाकायला जातो. गटात शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, काही शेतकरी आहेत. मासे विकण्यासाठी कोणी येत नाही. नदीवर चार तास बसायला मिळावेत आणि घरी कालवणापुरता मासा न्यावा, एवढीच अपेक्षा असते. यंदा गटाचे नियम लेखी करावेत असे ठरले आणि पहिल्याच नियमावर मतभेद झाले.

आमच्यातील एका सदस्याने ब्रिटन आणि काश्मीरमधील ट्राउट माशांच्या नद्यांविषयी पुष्कळ वाचले आहे. तेथे नदीचे पट्टे पाडून परवाने देतात, ठरावीक लांबीच्या आतला मासा पाण्यात परत सोडतात आणि हिवाळ्यात मासेमारी बंद ठेवतात. आपणही नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ बंद ठेवावा, असा त्यांचा आग्रह आहे. दुसऱ्या काही जणांच्या मते पावसाळा बंद ठेवायला हवा. परंतु नदीला पहिले पाणी आले की मासा सर्वांत सहज मिळतो, त्यामुळे नेमके तेच दिवस सोडायला बाकीचे राजी नाहीत.

दुसरी काळजी मला याहून मोठी वाटते. आमच्या भागात नदी बंधाऱ्यांमागे बंधारे अशी अडवलेली आहे. फेब्रुवारीनंतर पाणी हलत नाही, त्यावर हिरवी साय धरते, आणि उन्हाळ्यात एखाद्या पहाटे मासे काठाशी येऊन तोंडे वर काढून हवा घेताना दिसतात. त्याच ठिकाणी दुपारी गेले तर पाणी ठीक दिसते. हे कशाने होते, ते प्रयोगशाळेवाचून कसे ओळखावे आणि आमच्यासारख्या लहान गटाला त्यावर काय करता येईल, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

विष्णुपुरी, नांदेड

गोदातीर, आपण दोन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

हंगाम बंद ठेवण्यामागचे कारण एकच असते, ते म्हणजे विणीच्या काळात माशाला त्रास होऊ नये. ट्राउट हा थंड, वाहत्या आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा आहे. युरोपातील तपकिरी ट्राउट शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्यात नदीतळाच्या गोट्यांमध्ये अंडी घालतो आणि ती अंडी वसंतापर्यंत तेथे असतात, म्हणून तिकडे हिवाळा बंद. हाच मासा 1900 च्या सुमारास काश्मिरात आणला गेला, पुढे कुलूच्या खोऱ्यात रुजला, आणि इंद्रधनुषी ट्राउट निलगिरीत. या सगळ्या डोंगरी, थंड जागा आहेत. गोदावरीत तो एक उन्हाळाही काढू शकणार नाही. तेव्हा त्याचे वेळापत्रक आपल्या नदीला लावणे म्हणजे नदीला दुसऱ्याच माशाचे नियम लावणे होय.

आपल्याकडील कटला, रोहू आणि मृगळ हे साचलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत. नैर्ऋत्य मोसमी पावसाने नदी फुगली, गढूळ पाणी काठावरच्या उथळ जागी पसरले की ते प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी सोडतात. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत साधारण दोन लाखांहून अधिक अंडी असतात आणि ती 15 ते 20 तासांत फुटतात. म्हणजे ज्या पहिल्या पाण्यात आपल्या गटाला मासा सहज मिळतो, त्याच पाण्यात तो अंड्यांनी भरलेला असतो. तो सहज मिळतो याचे कारणही हेच आहे की तो खोल डोह सोडून काठाकडे आलेला असतो. म्हणून पावसाळा बंद ठेवणाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे, यात मला शंका वाटत नाही. फक्त तारीख ताठर नको. मराठवाड्यात पुष्कळदा जुलै कोरडा जातो आणि खरे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते. सप्टेंबर 2025 मधील पूर आपण सर्वांनी पाहिला. त्यामुळे जूनच्या मध्यापासून बंद करावे आणि सप्टेंबर संपेपर्यंत गळ टाकूच नये, असे मी सुचवीन.

एक गोष्ट येथे जोडतो, कारण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार दरवर्षी 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. तो वाद दोन राज्यांतील पाणीवाटपाचा होता आणि निकालही त्याच हेतूने दिला गेला. परंतु हे चार महिने माशाच्या विणीचेच आहेत. खालच्या अंगाला तेलंगणात असलेल्या श्रीराम सागर जलाशयातील मासा त्या काळात वर चढू शकतो. वरच्या बंधाऱ्यांचे दरवाजे पुरात उघडले तरी पाण्याची उडी मोठी असेल तर माशाला ती पार करता येत नाही, आणि माशांसाठी वेगळा पायरीमार्ग मी या बंधाऱ्यांवर पाहिलेला नाही.

आता पहाटेच्या दृश्याविषयी. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 10 अंश सेल्सियसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांना सुमारे 9 आणि 30 अंशांना साडेसात. ट्राउट आपल्याकडे का जगत नाही, हे या तीन आकड्यांवरून कळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यासाठी ही मर्यादा लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ठेवली आहे. आपण पाहता ती हिरवी साय म्हणजे शेवाळे; ती दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते, म्हणून दुपारी पाणी ठीक वाटते. रात्री मात्र तीच शेवाळे, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ असे सगळे मिळून तो वापरतात आणि सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. गावाचे सांडपाणी किंवा साखर कारखान्याच्या मळीसारखे सेंद्रिय द्रव्य त्यात मिसळले की रात्रीची ही तूट वाढते. म्हणून दुपारी बाटली भरून केलेली तपासणी निरुपयोगीच नव्हे, तर फसवी असते. पाणी पहाटे तपासा.

भोईवाडा, माजलगाव (जि. बीड)

वरील सरांनी शास्त्र सांगितले, मी व्यवसायाच्या बाजूने लिहितो. आमचे घर पिढ्यान्पिढ्या मासेमारी करते आणि मी तलावावरच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा सभासद आहे.

गोदातीर भाऊ, नियम करण्याआधी तुमच्या पट्ट्यातील पाणी कोणत्या संस्थेकडे ठेक्याने आहे याची चौकशी करावी, ही पहिली विनंती. बंधाऱ्यामागचा साठा आणि तलाव बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेले असतात. संस्था पैसे भरते, बोटुकली (बोटाएवढी पिले) आणून सोडते, ती वाढण्याची वाट पाहते. बाहेरचा माणूस गळ टाकून दोन मासे नेतो याचे आम्हाला दुःख नाही. पण विचारून नेले तर तोच माणूस आमच्यासाठी नदीवरचा आणखी एक डोळा होतो. रात्री बॅटरीचा करंट लावून मासे मारणारे, पाण्यात विषारी औषध टाकणारे आणि सुरुंगाची दारू वापरणारे आम्हाला एकट्याने रोखता येत नाहीत. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी हे चालूच आहे. करंटने मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिलेही मरतात आणि त्या डोहात पुढे कितीतरी महिने काही हाती लागत नाही.

मरळीविषयी स्वतंत्र नियम करावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. गळावर बसणाऱ्यांना मरळ सर्वांत प्रिय असते आणि तिला भावही चांगला मिळतो. पावसाळ्यात काठाच्या गवतात पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक घोळका हलताना दिसतो, एखाद्या परातीएवढा. घोळका एकदम खाली जातो आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येतो, कारण या पिलांनाही वर येऊन हवा घ्यावी लागते. त्यांच्या खालीच आई-बाप असतात. ती जोडी पिलांवर राखण ठेवते आणि जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडते. काही लोक मुद्दाम त्या घोळक्यात बेडकी लावून गळ टाकतात आणि मरळ रागाने तो घेते. ती गेली की कटरणे, बगळे आणि दुसरे मासे त्या पिलांचा दोन दिवसांत फडशा पाडतात. तेव्हा पिलांचा घोळका दिसला तर तेथे गळ टाकायचाच नाही, मग तो महिना कोणता का असेना, असा नियम तुम्ही लिहून ठेवा. आमच्यातील जुनी माणसे हा नियम पाळत आली आहेत.

आणखी एक. चिलापी मिळाली तर ती परत सोडू नये. हा बाहेरून आलेला मासा आहे, 1952 साली तो देशात आणला गेला. तो वर्षातून अनेकदा वितो आणि लहानपणीच विण्याजोगा होतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात बाकीच्यांना जागा उरत नाही. लहान मासा सोडून द्यावा हा नियम चांगलाच आहे, पण तो चिलापीला लावू नये. परदेशी मांगूर गळाला लागला तर तोही पाण्यात परत टाकू नये आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे.

मांजराकाठ, लातूर

चर्चा पावसाळ्याभोवती फिरते आहे, म्हणून मी उन्हाळ्याकडे लक्ष वेधतो. गोदावरीला निदान जायकवाडीचा आधार आहे. आमच्या मांजरेला तो नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा तेव्हा संपलेला होता. माणसांचेच हाल इतके होते की नदीतल्या माशांचे काय झाले याची चर्चा कोणी केली नाही. माझ्या पाहण्यात, ज्या गावांनी आपला डोह उपसू दिला नाही तेथेच थोडे मासे तगले, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा भरली तेव्हा बीज तेथूनच पसरले.

त्यामुळे पावसाळ्याइतकीच महत्त्वाची दुसरी बंदी उन्हाळ्याची असावी, असे माझे मत आहे. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत नदीतील सगळा मासा मोजक्या डोहांत गोळा झालेला असतो. पाणी कोमट, प्राणवायू कमी, लपायला जागा नाही. अशा वेळी गळाला लागलेला मासा सोडून दिला तरी बहुधा जगत नाही, कारण झुंजीने थकलेल्या माशाला सावरायला जो प्राणवायू लागतो तोच पाण्यात नसतो. सोडून देतो आहोत, मग चालेल, ही समजूत थंडीत ठीक आहे. मे महिन्यात ती माशाच्या जिवावर बेतते. ट्राउटच्या नद्यांवरही पाणी फार तापले की पुष्कळ मंडळे हंगाम चालू असताना मासेमारी थांबवतात. तिकडून घ्यायचा असेल तर हा नियम घ्यावा, हिवाळ्याच्या बंदीचा नव्हे.

डोह टिकण्यासाठी वाळूचा प्रश्नही सोडून चालणार नाही. वाळू उपसली की तेथे खड्डा पडतो आणि खड्ड्यात पाणी दिसते, म्हणून काही जण त्यालाच डोह समजतात. पण वाळूचा थर पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात ते हळूहळू डोहाला पुरवतो; तो थर गेला की पाझर थांबतो आणि माशांचे अन्न असलेले तळाचे किडेही जातात. आपल्या पट्ट्यातील कोणते डोह मेअखेर टिकतात याची नोंद गटाने ठेवली तर ग्रामसभेत बोलायला हातात काही तरी असेल.

गोदातीर, गंगाखेड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हिवाळ्याच्या बंदीचा आग्रह धरणाऱ्या सदस्याला मी ही चर्चा वाचायला दिली आणि ट्राउटचे वेळापत्रक येथे लागू होत नाही हे त्यांनाही पटले. त्यांनीच एक मुद्दा पुढे केला आहे, तो विचारतो. ब्रिटनमध्ये गळ टाकणारे लोक नदीतळाचे किडे मोजून पाण्याची प्रकृती ओळखतात, असे त्यांच्या वाचनात आले. ते आपल्या नदीवर करता येईल का? तसेच पहाटे पाणी तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि पाणी बिघडलेले आढळले तर आम्ही घेतलेला नमुना तक्रारीसाठी चालतो का?

विष्णुपुरी, नांदेड

किड्यांची पद्धत उत्तम आहे. ब्रिटनमध्ये 2007 पासून ती गळ टाकणाऱ्यांच्या हाती देण्यात आली. प्रवाहात उभे राहून तीन मिनिटे पायाने तळ ढवळायचा, सुटलेले किडे खालच्या अंगाला धरलेल्या जाळीत गोळा करायचे आणि ठरावीक आठ गटांची मोजणी करायची. एखाद्या ठिकाणची बेरीज ठरलेल्या मर्यादेखाली आली की तेथील पर्यावरण खात्याला कळवले जाते. यातील खुबी अशी की रासायनिक तपासणी फक्त त्या क्षणाचे पाणी सांगते, तर किडे मागच्या काही आठवड्यांचे सांगतात. रात्री कोणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तरी किडे मेलेले असतात.

आपल्याकडे ही मोजणी बंधाऱ्याच्या फुगवट्यात करून उपयोग नाही. तेथे प्रवाहच नसतो. बंधाऱ्याखाली जेथे काळ्या खडकावरून पाणी खळाळते तेथे करावी, आणि ती हिवाळ्यात, पूर ओसरल्यावर. तेथील मर्यादाही जशाच्या तशा घेऊ नयेत, कारण किड्यांच्या जाती वेगळ्या आहेत. आपल्याच नदीची मोजणी एकाच जागी, एकाच ऋतूत दरवर्षी करून तिची तुलना करावी. गोटा उलटा केल्यावर त्याच्या खालच्या बाजूस तीन किंवा दोन शेपट्यांच्या चपट्या, चपळ अळ्या दिसल्या तर पाण्यात प्राणवायू आहे असे समजावे. त्या नाहीशा होऊन चिखलात नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळताना दिसू लागल्या तर तळाशी प्राणवायू संपत आला आहे. त्या अळ्यांच्या रक्तात लाल द्रव्य असल्यामुळे त्या अशा पाण्यातही तग धरतात.

प्राणवायूची तपासणी जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या मदतीने करावी. काचेची बुचाची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहू देता भरायची आणि काठावरच त्यात मँगनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड यांचे द्रावण घालायचे. बाटलीत प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, आणि तो जितका गडद तितका प्राणवायू जास्त. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. अचूक आकडा पुढे प्रयोगशाळेत काढता येतो, पण पांढरा साका काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसतो, आणि माझ्या अनुभवात सरपंचांना आकड्यापेक्षा तोच लवकर पटतो. बाटलीबरोबर पाण्याचे तापमान आणि वेळ लिहायला विसरू नये. ही द्रावणे दाहक असतात, ती विद्यार्थ्यांनी किंवा शिक्षकांनीच हाताळावीत.

तक्रारीविषयी स्पष्ट सांगतो. आपण भरलेली बाटली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या 21 व्या कलमानुसार नमुना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो, ज्याच्या जागेतून सांडपाणी येते त्याला तेथेच नोटीस द्यावी लागते, आणि त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावे लागतात. आपल्या नोंदीचा उपयोग वेगळा आहे. अधिकारी दुपारी बारा वाजता येऊन गेले तर त्यांना काही सापडणार नाही. कोणत्या नाल्याच्या मुखापाशी, कोणत्या वारी, पहाटे किती वाजता पाण्याला वास येतो आणि मासे वर येतात, हे तारखांसह लेखी दिले तर त्यांना नेमक्या वेळी यावे लागते. अर्जाची एक प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्यावा. मासे मेलेले आढळले तर त्याच दिवशी कळवावे, कारण उन्हात मासा काही तासांत कुजतो आणि मग मृत्यूचे कारण शोधता येत नाही.

भोईवाडा, माजलगाव

सरांच्या म्हणण्याला एवढेच जोडतो की पहिल्या पुराच्या वेळी विशेष लक्ष ठेवावे. उन्हाळाभर नाल्यांत साचलेली घाण पहिल्या जोरदार पावसाने एकदम नदीत येते आणि कधी कधी त्या एका रात्रीत वर्षभर वाढवलेला मासा जातो. त्या दिवसांत तुमचा गळ बंद असेल, पण नदीवर जाणे बंद करू नका. वहीत नोंद करायला तेव्हाच माणूस हवा असतो. ठेकेदार संस्थेचा पत्ता मिळाला नाही तर परभणीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. संस्थेच्या सभेला आपण येणार असाल तर मीही माजलगावहून येईन.